घर रिकामं करताना भंगारवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा

गेल्या दहा वर्षांत मी पाच घरं रिकामी केली. आधी सदाशिव पेठेतलं आईवडिलांचं, मग कोथरूडला मावशीचं, सासूबाईंचं, एका मैत्रिणीचं आणि शेवटी आमचं स्वतःचं. कारण बहुतेक वेळा तेच, रिडेव्हलपमेंट. बिल्डर तारीख देतो आणि तीस-पस्तीस वर्षांचा संसार महिन्याभरात मार्गी लावायचा असतो. मग सोसायटीतलं कुणीतरी हमखास सांगतं, "अहो, भंगारवाल्याला बोलवा, तो सगळं नेतो." नेतो, खरंच नेतो. पुढं कुठं नेतो ते बघायला आपण जात नाही, एवढंच.

ढीग कसे करायचे, खोकी कुठून आणायची, हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला येतं. मला सांगायचंय ते क्रमाबद्दल. सगळे रद्दीपासून सुरुवात करतात, कारण ते सोपं असतं. आठवडा त्यात जातो आणि शेवटच्या दोन दिवसांत बंद पडलेला फ्रिज, जुना टीव्ही, फोमची गादी असलं सगळं जो पहिला दारात येईल त्याच्या गळ्यात मारलं जातं. क्रम उलटा करा. ज्याला घेणारा सहज मिळत नाही, ते आधी.

पहिली पायरी: बंद पडलेली विजेची उपकरणं. महिनाभर आधी.

इथं मी स्वतः आपटलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते. आईकडे एकवीस इंची जुना, ढेरपोट्या टीव्ही होता. हातगाडीवाला आला, दीडशे रुपये टेकवले, घेऊन गेला. मी खूश. चौथ्या दिवशी सकाळी फिरायला गेले, तर आंबिल ओढ्याच्या कडेला चिखलात आमचाच टीव्ही. ओळखला कसा? भाच्याने लहानपणी चिकटवलेलं क्रिकेटपटूचं स्टिकर पाठीवर तसंच होतं. मागची मान मोडलेली, तिच्याभोवतीची तांब्याची कॉईल काढून नेलेली, वायर कापलेली. म्हणजे दीडशे रुपये मला त्या कॉईलचे मिळाले होते. उरलेली पिक्चर ट्यूब कुणाला नको असते, आणि नेमका तोच भाग वाईट. तिच्या मागच्या नरसाळ्यासारख्या काचेत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं शिशाचं ऑक्साइड असतं. ते ओढ्याकाठी फुटतं, ओढा मुठेला मिळतो.

फ्रिजची गोष्ट तशीच. तांब्यासाठी आणि कॉम्प्रेसरसाठी नळी कापली जाते, फुस्स आवाज येतो आणि गॅस हवेत. अनेक जुन्या फ्रिजमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशोबानं तो हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट जोरकस. फ्रिजमध्ये असतो शंभर-दीडशे ग्रॅमच, पण गुणाकार करून बघा. नव्या फ्रिजमधला आर-६००ए या बाबतीत बरा, पण तो पेट घेतो, त्यामुळे कापणाऱ्याच्या जिवाशी खेळ. वायरी तर जाळतातच. प्लास्टिकचं आवरण सोलत बसण्यापेक्षा पेटवून तांबं काढणं झटपट होतं.

एक गोष्ट स्पष्ट करते. मी भंगारवाल्याच्या विरोधात नाही. लोखंड, पितळ, कागद, बाटल्या यात त्याच्याइतका चोख माणूस दुसरा नाही. कचऱ्यातून वेचणाऱ्या बायका नसत्या, तर हे शहर कधीच गाडलं गेलं असतं. त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे आणि त्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुण्यात घरोघरचा कचरा नेते. पण शिशाची काच आणि फ्रिजचा गॅस हे हातगाडीवर निस्तरण्यासारखं काम नाही.

मग करायचं काय? आधी उपकरण बनवणाऱ्या कंपनीला फोन. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार आपल्या मालाच्या पुनर्वापर-प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे. जुन्या वस्तू परत घेण्याची माहिती बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर असते, पण शोधावी लागते. दुसरा रस्ता म्हणजे नोंदणीकृत रिसायकलर. तिसरा, घरातल्या नको असलेल्या वस्तू गोळा करणारी 'स्वच्छ'ची व्ही-कलेक्ट मोहीम. तिची तारीख आणि ठिकाण विचारून ठेवा, ऐन वेळी शोधाल तर हुकेल.

रिसायकलरला तीन प्रश्न विचारा. नोंदणी क्रमांक काय? वस्तू नेल्याची पावती देता का? किती किलोपासून गाडी पाठवता? पहिल्या दोन प्रश्नांवर जो "ते बघू नंतर" म्हणतो, त्याला नंतरच बघा. मला तसा एक भेटला होता. व्हिजिटिंग कार्डावर हिरवं पान छापलेलं, पावती मागितली तर फोनच उचलेना.

तिसऱ्या प्रश्नावर सगळे अडतात. एका मिक्सरसाठी आणि दोन चार्जरसाठी टेम्पो येत नाही. त्यावर उपाय एकच, अख्ख्या इमारतीचा माल एका रविवारी पार्किंगमध्ये गोळा करायचा. रिकामी करायची इमारत सगळ्यांचीच असते, तरी लोक आपापल्या दारात एकेकटे घासाघीस करत उभे असतात. आम्ही शेवटच्या वेळी असं जमवलं, तर कुणाच्या माळ्यावरून काय काय निघालं! एका काकांनी तीन व्हीसीआर आणले. बोटानं कळ दाबून बघत होते, अजून चालेल या आशेनं.

पैसे कमी मिळतील, हे आधीच सांगते. भंगारवाला फ्रिजला जास्त देतो, कारण त्याला गॅसचं काही करायचं नसतं. "कॉम्प्रेसर वेगळा काढून द्या, जास्त देतो," असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. फ्रिज अखंड द्यायचा, नळीला हात न लावता.

फोन आणि लॅपटॉप देण्याआधी खात्यातून बाहेर पडा, मग रीसेट करा. याच क्रमानं, नाहीतर पुढच्याला तो तुमच्याच पासवर्डवर अडकलेला मिळतो. बंद पडलेल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून घ्या आणि ड्रिलनं आरपार भोक पाडा. मात्र हा प्रयोग बॅटरीवर करायचा नाही. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या पिशवीत तर अजिबात टाकू नका. गाडीत दाबली गेली की पेटते. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात घरापासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्याबरोबर सांगून द्या. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या न फोडता खोक्यात घालून त्याच माणसाला.

दुसरी पायरी: गाद्या. कापसाची असेल तर गादीवाल्याकडून पिंजून घ्या, नव्या गादीइतकी चांगली होते. फोमची असेल तर तिला कुणी वाली नाही. मी शिलाई उसवून फोमचे चौकोन कापले. काही बाकड्यांच्या उशांत गेले, काही इमारतीखालच्या कुत्र्यांच्या गोणपाटात. उरलेले व्ही-कलेक्टला.

तिसरी: लाकूड. सागवानी, शिसवी वस्तूंना जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी, गिऱ्हाईक मिळतं. प्लायवुडचं कपाट मात्र वॉचमनला "जाळायला घ्या" म्हणून देऊ नका. डिसेंबरात तो शेकोटी करतो, आणि प्लायमधला गोंद व वरचा सनमायका जळाल्याचा धूर त्याच्याच पोराच्या नाकात जातो. सुताराला द्या, त्याला फळ्या लागतात.

चौथी: कपडे. बोहारीण अजून येत असेल तर तिच्याइतकी चांगली व्यवस्था नाही. मावशीच्या सहा साड्यांवर ती एक स्टीलचं पातेलं देत होती, मावशी झाकणासकट मागत होती, पाऊण तास चाललं. शेवटी झाकण मिळालं. सुती साड्या गोधडीसाठी बाजूला काढा. संस्थेला द्यायचे असतील तर आधी फोन करून काय हवंय ते विचारा, धुऊन द्या, बटणं असलेलेच द्या. फाटके, डागाळलेले कपडे अनाथाश्रमात टाकून पुण्य कमावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या चिंध्या गॅरेजवाल्याला हव्या असतात.

पाचवी: देवाचे फोटो. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून बोलते. प्रत्येक घरातून दहा-पंधरा निघतात. तडकलेली काच, पाणी शिरून डाग पडलेली लक्ष्मी, कुठल्याशा पतपेढीनं छापलेला गणपती. कचऱ्यात टाकवत नाहीत, मग रात्री गुपचूप पिंपळाखाली ठेवले जातात किंवा पुलावरून नदीत सोडले जातात. पिंपळाखाली पावसात भिजत, कुत्र्यांनी उलथेपालथे केलेले देव बघवतात का? मी असं करते: नमस्कार करायचा, मागचे खिळे पकडीनं उपसायचे, काच कागदात गुंडाळून काचेत, चौकट लाकडात. कागदाचं चित्र असेल तर बादलीत रात्रभर भिजवून लगदा करायचा आणि तुळशीच्या कुंडीत मातीखाली पुरायचा. चकचकीत, प्लास्टिकचा थर असलेलं चित्र भिजत नाही, ते सुक्या कचऱ्यात जातं. सासूबाईंना पहिल्यांदा हे पटलं नव्हतं. कुंडीचं कळल्यावर पटलं.

औषधांच्या रिकाम्या बाटल्या, भांडी, पत्र्याचे डबे, शाळेची पुस्तकं यात काही अवघड नाही. पुस्तकं चांगली असतील तर अप्पा बळवंत चौकात विचारा.

आता रद्दी. गठ्ठे सुतळीनं बांधा, घरच्या काट्यावर वजन करून वरच्या पेपरवर पेन्सिलीनं आकडा लिहा, आणि भंगारवाल्याला फोन करा. तो आकडा बघून जरा हिरमुसेल.