चालता चालता बंद पडणारी गाडी: दोष कसा पकडायचा

रस्त्यात बंद पडते, पंधरा मिनिटांनी काहीच झालं नाही अशी सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर एकदाही बंद पडत नाही. अशा गाडीत अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर पैसे जातात, दोष तिथेच राहतो. तो गाडी बंद पडलेली असतानाच पकडावा लागतो. त्यासाठी मल्टीमीटर, 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, स्पार्क टेस्टर, ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड मोबाइलवर वाचणारं यंत्र), पाण्याची बाटली आणि एक फडकं डिकीत कायम असू द्या. पुढचं सगळं इंजेक्शनवाल्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे.

आधी जीव सांभाळा. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीनदा दाबण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. ब्रेक सारखा सोडून-दाबून करू नका, एकदाच दाबून धरा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं.

सगळ्यात मोलाची खूण मीटरमध्ये मिळते. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली तर क्लच दाबेपर्यंत चाकं इंजिनला फिरवत राहतात. तेवढ्यात आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी धावतेय आणि काटा सटकन शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय हे ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतच नाहीये. संशय क्रँक सेन्सरवर (इंजिनचं फिरणं मोजणारा सेन्सर), त्याच्या कपलरवर (वायरची जोडणी) किंवा ईसीएमच्या मेन रिलेवर (त्याला करंट देणारा स्विच). काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर सिग्नल ठीक आहे, बहुतेक पेट्रोल कमी पडतंय. आणि अख्खा डॅशबोर्डच विझला, तर बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची पट्टी आणि इग्निशन स्विच तपासा. चावीला जड जुडगा लटकवत असाल तर तो आधी काढा, त्याच्या वजनाने झिजलेला स्विच सरकू शकतो. 2014 साली जनरल मोटर्सने अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या याच प्रकारच्या स्विचच्या दोषासाठी.

गाडी कडेला घेतलीत की लगेच सेल्फ मारत बसू नका. चावी बंद करून परत ऑन करा. चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. बाकीचे दिवे लागले आणि हाच लागला नाही, तर ईसीएमला करंट मिळत नाही, म्हणजे मेन रिले किंवा त्याचा फ्यूज. चावी ऑन केल्यावर बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून सुमारे दोन सेकंद पेट्रोल पंपाची घरघर येते. ती आली नाही तर पंपाच्या कपलरवर त्याच दोन सेकंदांत टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटतोय आणि पंप गप्प, तर टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलके ठोका. तेवढ्याने पंप फिरला तर त्याचे ब्रश झिजलेत, पंप बदला. लॅम्पच पेटला नाही तर पंपाचा रिले काढून त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून पाहा.

पंप वाजतोय, सेल्फ फिरतोय, पण स्पार्क टेस्टरवर ठिणगी नाही आणि इंजिन तापलेलं आहे, अशा वेळी क्रँक सेन्सर थंड करा. इंजिन बंद ठेवून, पट्टे आणि पंख्यापासून हात जपून, सेन्सरवर ओलं फडकं पाचेक मिनिटं धरा. त्यानंतर लगेच सुरू झाली, तर बहुधा तोच. तापल्यावर आतली वाइंडिंग तुटते, गार झाल्यावर पुन्हा जुळते, म्हणूनच गॅरेजच्या गार इंजिनात हा दोष दिसत नाही.

बॅटरीची वायर काढण्याआधी कोड वाचून घ्या, नाहीतर बहुतेक गाड्यांत ते पुसले जातात. पी 0335 म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी 0340 कॅम सेन्सरचं (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा), पी 0171 म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाची नोंद) असेल तर वेग आणि कूलंटचं तापमानही टिपून ठेवा. कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. इंजिन चालू ठेवून कपलर आणि वायर हलवा, बंद पडलं तर दोष वायरिंगचा.

बंद पडण्याची वेळही बोलते. सिग्नलला क्लच दाबताच बंद पडते तेव्हा बहुतेकदा थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या भागात, काजळी असते. ती क्लीनरने साफ करा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, आणि आयडल रीलर्न (ईसीएमला उभ्या गाडीतला इंजिनचा वेग पुन्हा शिकवणं) करून घ्या. घाटात चढावर दम सोडते तेव्हा फ्युएल प्रेशर मोजा, पोर्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं) ते साधारण 3 ते 4 बार असतं. पेट्रोल भरल्यावर पाच मिनिटांतच बंद पडते तेव्हा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा राहिलेला असू शकतो.

सीएनजी किट असेल तर निम्मं काम पेट्रोल-गॅस बदलणारा स्विचच करतो. दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. दोष गेला तर रेग्युलेटर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर आणि प्लग बघा. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवरच दगा देतो. फक्त पेट्रोलवर बंद पडत असेल तर टाकी कायम रिझर्व्हवर ठेवल्याने पंप गेलेला असण्याची शक्यता मोठी. तो पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो, म्हणून सीएनजीवर चालवतानाही पाव टाकी पेट्रोल ठेवा.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि पूर्वी ज्या परिस्थितीत बंद पडायची त्याच परिस्थितीत चालवून बघा: तोच घाट, तेवढंच तापलेलं इंजिन, एसी चालू.