टेरारियममधली वेल वर चढत नाहीये? पेरं बघा

टेरारियममध्ये, म्हणजे झाडं लावलेल्या काचेच्या भांड्यात, वेल नुसती मातीत खोचली की ती जमिनीवरच पसरते, वर जातच नाही, कारण तिला धरायला काही मिळतच नाही. मागच्या काचेला टेकवून कॉर्कच्या सालीचा एक तुकडा उभा करा, त्यावर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून, पाणी निथळेपर्यंत पिळून, दोऱ्याने पातळसं गुंडाळा. आता मेन गोष्ट, वेलीची पेरं (खोडावर पान फुटतं ते सांधे) त्या ओल्या मॉसला टेकली पाहिजेत, पानं नाही, कारण चिकटणारी मुळं पेरापाशीच फुटतात. पेराच्या जवळ सैल दोरा बांधा किंवा प्लॅस्टिकची यू पिन लावा (साधी लोखंडी तार दमटपणात गंजते, नको), आणि मुळांनी पकड घेतली की काढून टाका. तोवर स्प्रे फक्त मॉसवर मारायचा, तळात पाणी साचलं तर खालची मुळं कुजतात.

वेल म्हणाल तर बारीक पानांची फायकस प्युमिला बेस्ट, मनीप्लांटचा मोह टाळा, पानं लवकरच भांड्यात मावेनाशी होतात. अर्थात फायकसही सुटली की मॉस, दगड, शेजारची झाडं सगळं झाकून टाकते, त्यामुळे शेंडे छाटत राहा, छाटताना निघणाऱ्या पांढऱ्या चिकाने काहींना खाज येते, हात धुवा. आणि बंद भांडं थेट उन्हात ठेवू नका, आत सगळं शिजतं.