आठवी-नववीच्या पोरांबरोबर हातकाम करायचंय? तांबडी माती आणि चिवार (बारीक बांबू) घ्या

हायस्कूलच्या पोरांबरोबर काहीतरी हाताने बनवायचं म्हटलं की आपण बहुतेकजण सरळ दुकानात जातो, थर्माकोल, चमकी, ग्लू गन घेऊन येतो, पोरं तासाभरात कंटाळतात आणि मग आपण म्हणतो मोबाईलमुळे यांना कशातच रस उरला नाही. मला हे अजिबात पटत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आपल्या गोव्यात तुमच्या वाड्यावर एक चक्कर मारून बघा, हीच नववी-दहावीची पोरं सळ्यांचा सांगाडा उभा करतात, त्यावर गवत, त्यावर कागद, मग तोंड, नखं, सगळं करून माणसापेक्षा कितीतरी उंच नरकासुर तयार करतात आणि सकाळी जाळून पण टाकतात. रस भरपूर आहे हो, फक्त काम खरं लागतं आणि थोडं अवघड लागतं.

दुसरी गोष्ट, समोर उभं राहून शिकवू नका. शेजारी बसा आणि तुमचं पण एक करायला घ्या. या वयाच्या पोरावर कुणी नजर ठेवून उभं राहिलं की त्याचा हात आखडतो, पण तुम्ही स्वतः तुमच्या कामात डोकं घालून बसलात की तो सुरू होतो, आणि बोलतो पण. घरातल्या, शाळेतल्या ज्या गोष्टी एरवी विचारून कळत नाहीत त्या हात चालू असताना आपोआप बाहेर येतात.

काय करायचं? मी काव कलेपासून सुरुवात करायला सांगीन. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतीवर पांढऱ्यावर तांबडी नक्षी असते ना, ती. ती रंगवलेली नसते, खरवडलेली असते: खाली चुन्याचा पांढरा थर, त्यावर तांबडा थर, आणि टोकदार हत्याराने तांबडं काढलं की खालचं पांढरं दिसतं. हे छोट्या लादीवर घरी किंवा शाळेच्या व्हरांड्यात मस्त होतं.

रंग विकत आणू नका, तिथेच अर्धी मजा आहे. गोव्याची माती तांबडी का, तर जांभ्या दगडात लोहाचं ऑक्साईड भरपूर असतं, आणि तोच आपला रंग. बादलीभर पाण्यात दोन-तीन ओंजळी माती ढवळा, एक मिनिट थांबा म्हणजे खडे-वाळू तळाला बसतात, मग वरचं गढूळ पाणी जुन्या कपड्यातून दुसऱ्या बादलीत ओता. रात्रभर ठेवा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी काढून टाकलं की तळाला जो मऊ गाळ उरतो तो काव. रंग फिका वाटला तर दुकानातला थोडा गेरू घाला. पोस्टर कलर मात्र चालणार नाही कारण चुन्यात बरेचसे रंग उडून जातात, लोहाचा टिकतो.

आता चुना. मुरवलेला, लोण्यासारखा चुना मिळाला तर उत्तम, आणि चुनकळी, म्हणजे न मुरवलेल्या चुन्याचे खडे, फोडायचं काम पोरांना देऊच नका, पाणी टाकलं की ती उकळते. मुरवलेला चुना पण अंगाला खातो, म्हणून हातमोजे आणि प्रत्येकाच्या डोळ्यावर चष्मा, याला अपवाद नाही. डोळ्यात गेलाच तर निदान 15 मिनिटं नळाच्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं.

भाजक्या मातीची सपाट लादी घ्या, 20 बाय 20 सेंटीमीटर पुरे. ती पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा (कोरडी लादी चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि थर फुटतो). एक भाग चुना, दोन भाग चाळलेली बारीक रेती, कालवून चार-पाच मिलिमीटरचा थर थापा, पट्टीने सपाट करा. थर घट्ट झाला पण नख लावलं की उमटतं, अशा वेळी काव थोड्या चुन्याच्या निवळीत कालवून, ब्रशने ओढता येईल इतका पातळ करून वरून दोन हात मारा. चकाकी गेली की खरवडायला घ्या. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात होतं, जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी जास्त वेळ जातो, घाई करून उपयोग नाही. पण दुसऱ्या दिवसावर पण ढकलू नका, कडक झालं की टवके उडतात.

नक्षीसाठी कंपासपेटी काढायला लावा, खरंच. कर्कटकाने एक वर्तुळ काढा, तेच अंतर ठेवून टोक परिघावर टेकवत गेलं की बरोबर सहा खुणा बसतात, आणि त्या प्रत्येक खुणेवरून पुन्हा कंस मारला की सहा पाकळ्यांचं फूल. भूमितीच्या तासाला जांभया देणारी पोरं इथे कर्कटक सोडत नाहीत. हत्यार तिरकं धरा, फक्त तांबडं निघेल इतकंच खरवडा, खोल नको. धूळ फुंकू नका, सुकल्यावर मऊ ब्रशने झाडा.

इथे खोडरबर नाही आणि पोरांना हेच सगळ्यात जड जातं. एक मुलगी रेघ घसरल्यावर रडकुंडीला आली, "टीचर, चूक जाली, आतां?" मी म्हटलं, त्या रेघेला एक पान काढ, आणि मग दुसऱ्या बाजूला पण तसंच काढ. तिची वेल सगळ्यात सुंदर झाली, हे मी कौतुक म्हणून नाही, नक्षी बघून सांगतेय.

झालेली लादी सावलीत ठेवा आणि चार-पाच दिवस हलकं पाणी शिंपडत रहा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि कडक बनतो, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात भिंतीला चुना काढायचं हेच उदाहरण आहे. पाठ केलेलं समीकरण हातात कडक होताना लागलं की ते विसरत नाहीत.

दिवाळीच्या आधी आकाशकंदील करा. चिवारीच्या कामट्या लागतात, चिरायचं काम मोठ्यांनी कोयत्याने करायचं, तासून गुळगुळीत करायचं पोरांना द्या. सांधे सुती दोऱ्याने बांधायचे, डिंकावर विसंबू नका, आपल्याकडच्या दमट हवेत सुटतात. कागद चिकटवायला मैद्याची खळ, शिजवताना चिमूटभर तुरटी घातली की लवकर आंबत नाही. आत एलईडी बल्बच लावा, जुना तापणारा बल्ब कागदाजवळ नको. आणि सांगाडा कुणाला द्यायचा? नरकासुराचा सांगाडा जो करतो त्याला, त्याला वर्गात बाकी कशात पुढे यायला मिळत नसलं तर नक्की त्यालाच.

जूनमध्ये काही मोठं जमत नसेल तर 24 तारखेच्या सांजांवाला (सेंट जॉनच्या सणाला) कोपेल, म्हणजे डोक्यावर घालायचा फुला-वेलींचा मुकुट, विणा, रानवेली आणि पावसात उगवलेली फुलं, खर्च शून्य, तासाभराचं काम.

आणि कारागिरांकडे न्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांबूचं सूप विकत घ्या, किंमत पाडून मागू नका, आणि पोरांना त्याची वीण मोजायला लावा, कुठली पट्टी किती पट्ट्यांवरून जाते ते कागदावर काढू दे, मग कार्डशीटच्या पट्ट्यांनी तशीच विणून बघू दे. कुंकळ्ळीला चितारी कारागिरांचं लाखेचं लाकूडकाम आहे, बाणावलीला गोवा चित्रा संग्रहालयात जुनी अवजारं आहेत. गणपतीच्या चित्रशाळेत (मूर्ती घडवतात तिथे) जायचं तर चतुर्थीच्या तोंडावर नको, तेव्हा त्या माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते. महिना-दीड महिना आधी, माती मळायचं काम चालू असतं तेव्हा फोन करून, विचारून जा, चार-पाच पोरंच न्या, आणि मोबाईल खिशात ठेवून आधी माती मळायला मिळते का ते विचारायला सांगा.