मुलांचा छोटा व्यवसाय: भांडवलापासून हिशेब मिटवण्यापर्यंत

मुलांना पैशाचा व्यवहार कळावा म्हणून त्यांना एखादा छोटा व्यवसाय सुरू करून देणारे पालक बहुधा एकाच ठिकाणी चुकतात. साहित्य ते स्वतः आणून देतात, त्याचा खर्च कोठेही लिहिला जात नाही, आणि विक्रीतून हाती आलेली सगळी रक्कम मूल नफा समजून बसते. अशा व्यवसायातून मुलाला विकण्याचा आनंद मिळतो, पण पैशाबद्दल मात्र त्याची समजूत चुकीची होते. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर एकच कटाक्ष ठेवावा: खर्च मुलाच्या डोळ्यांसमोर व्हावा आणि तो त्याच्याच हाताने लिहिला जावा.

वय आणि तयारी

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या निरीक्षणानुसार, तेवढ्याच वस्तूंची रांग अधिक लांब पसरून मांडली तर साधारण सात वर्षांखालील अनेक मुलांना त्या संख्येने जास्त झाल्यासारख्या वाटतात. त्यामुळे लहान वयात नाणी ओळखणे आणि सुटे मोजणे एवढेच पुरे आहे. बेरीज-वजाबाकी सहज जमू लागली आणि भागाकाराची ओळख झाली की खऱ्या व्यवसायाला सुरुवात करता येते.

व्यवसाय निवडताना

आठवड्या-दोन आठवड्यांत खर्चापासून कमाईपर्यंतचे चक्र पूर्ण होईल असाच व्यवसाय निवडावा, कारण महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली तर खर्च आणि कमाई यांचा संबंध मुलाच्या लक्षातून निसटतो. शुभेच्छापत्रे किंवा पुस्तकात ठेवायच्या खुणा बनवणे, रोपे तयार करून विकणे, ओळखीच्या लोकांच्या सायकली धुऊन देणे, कोणी परगावी गेल्यावर त्यांच्या झाडांना पाणी घालणे अशी कामे या दृष्टीने सोयीची आहेत. वस्तू करायला घेण्यापूर्वी मुलाने चार-पाच जणांना ती हवी आहे का, हे स्वतः विचारावे. त्यांतील निदान दोघे घराबाहेरचे असावेत, कारण नातेवाईक प्रेमापोटी काहीही विकत घेतात.

मुलाचा सर्वांत आवडता छंदच व्यवसाय म्हणून निवडण्याचा मोह मात्र आवरावा, असे माझे मत आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असे ज्या बालवाडीतील मुलांना आधीच सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत आपणहून चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी रमली. ज्या गोष्टीत मूल तहानभूक विसरते, ती पैशाच्या हिशेबापासून दूर राहिलेलीच बरी.

भांडवल

भांडवल शक्यतो मुलाच्या बचतीतून यावे. ती अपुरी असेल तर पालकांनी उसने द्यावे, पण ते कागदावर लिहून: रक्कम किती, परत कधी करायची आणि विक्री झाली नाही तर काय करायचे. कर्ज अगदी लहान असावे. पहिल्या वेळी व्याज लावू नये. मुद्दल वेळेवर परत करणे एवढेच त्या वेळी पुष्कळ आहे.

एका नगाचा खर्च काढणे

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. चलन कोणतेही असो, समजा मुलाने 20 शुभेच्छापत्रांपुरता कागद 100 ला आणि पाकिटे 80 ला घेतली. रंगांची पेटी 80 ला मिळाली, पण ती अशा चार खेपांना पुरेल, म्हणून या खेपेच्या वाट्याला तिचे 20 येतात. एकूण खर्च 200 झाला. मूल लगेच 200 ला 20 ने भागते आणि एका पत्राचा खर्च 10 असल्याचे सांगते. प्रत्यक्षात चार पत्रांवर रंग सांडतो किंवा अक्षर चुकते आणि विकण्याजोगी 16 पत्रेच उरतात. आता 200 ला 16 ने भागले की एका पत्राचा खर्च 12.50 येतो. दहाच्या हिशेबाने मुलाने किंमत 12 ठेवली असेल, तर प्रत्येक पत्रामागे 2 मिळतात असे त्याला वाटत राहील आणि सगळी 16 पत्रे विकूनही हाती 192 च येतील, म्हणजे 8 चा तोटा. हा भागाकार मुलाला स्वतः करू द्यावा आणि उत्तर आधी सांगू नये.

किंमत 15 ठेवली तर सगळी पत्रे विकून 240 येतात आणि नफा 40 होतो. पण 13 पत्रे विकून 195 च जमतात, म्हणजे चौदावे पत्र विकले जाईपर्यंत खर्चही भरून निघत नाही. आपल्याला निदान किती नग विकावे लागतील, हा आकडा मुलाने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. किंमत ठरवताना तशाच वस्तू इतर लोक कितीला विकतात हेही त्याने पाहून यावे. खर्च भरून निघेल एवढी किंमत द्यायला कोणी तयार नसेल, तर तो व्यवसाय सुरू न करण्याचा निर्णय हाही योग्य व्यावसायिक निर्णय आहे.

वही आणि गल्ला

वहीत तारीख, तपशील, जमा, खर्च आणि शिल्लक असे पाच रकाने पुरेत. व्यवसायाचे पैसे खाऊच्या पैशांत मिसळू नयेत, त्यासाठी वेगळा डबा ठेवावा आणि विक्रीच्या प्रत्येक दिवशी डब्यातील रक्कम वहीतील शिलकेशी ताडून पाहावी. जुळत नसेल तर पालकांनी फरक भरून न देता मुलासोबत बसून नोंदी तपासाव्यात. बहुतेकदा सुटे परत देताना गफलत झालेली असते किंवा कोणाची तरी उधारी लिहायची राहिलेली असते. उधारीसाठी वेगळे पान ठेवावे. वस्तू गेली आणि पैसे आले नाहीत, तर ती विक्री अजून पूर्ण झालेली नाही, हे मुलाला त्या पानावरून नेमके कळते.

विक्री

बोलणे मुलाने करावे आणि मोठ्यांनी हाकेच्या अंतरावर थांबावे. अनोळखी घरी एकट्याने जाणे, तसेच इंटरनेटवर स्वतःचे नाव, पत्ता किंवा छायाचित्र देणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. आपल्या भागात अशा विक्रीला परवानगी लागते का, याची चौकशी पालकांनी आधीच करावी. अभ्यास, खेळ आणि झोप यांच्या वेळेतून व्यवसायासाठी वेळ काढू नये. मुलांचे आर्थिक शोषणापासून आणि शिक्षणात अडथळा आणणाऱ्या कामापासून संरक्षण व्हावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील कलम 32 सांगते, आणि घरच्या घरी चालणाऱ्या उपक्रमातही ही मर्यादा पाळली गेली पाहिजे. कंटाळा आला तर थांबण्याची मोकळीक मुलाला सुरुवातीपासून असावी.

हिशेब मिटवणे

खेप संपली की आधी उसने घेतलेले भांडवल परत करावे, मग पुढच्या खेपेच्या साहित्यापुरती रक्कम बाजूला ठेवावी, आणि उरलेल्यातून किती खर्च करायचे व किती साठवायचे हे मुलाने ठरवावे. त्याची निवड आपल्याला वायफळ वाटली तरी ती मान्य करावी. कामाला लागलेले तासही मोजावेत: 40 च्या नफ्यासाठी पाच तास गेले असतील तर तासाला 8 पडले, आणि या आकड्यामुळे आई-वडिलांच्या कमाईकडे मूल वेगळ्या नजरेने पाहू लागते.

तोटा झाला तर तो गुपचूप भरून काढू नये. न विकलेले नग कमी किमतीत द्यायचे की ठेवून द्यायचे, कर्जाचे हप्ते कसे पाडायचे, हे मुलासोबत ठरवावे. रक्कम मुळातच लहान ठेवलेली असल्याने हा भार त्याला पेलतो. दुसरी खेप करायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, किंमत, वस्तूचा नमुना किंवा विकण्याची जागा, म्हणजे विक्रीत पडलेला फरक कशामुळे पडला असावा, याचा अंदाज वहीतील आकडे पाहून मुलाला स्वतःच बांधता येतो.