डीपीएफचा पिवळा दिवा: रोज ४ किलोमीटर चालणारी डिझेल गाडी

गाडी २०२१ची, बीएस६ डिझेल. कोथरूडात घर ते ऑफिस जेमतेम ४ किमी. लक्षणं अशी: डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) पिवळा दिवा, उभ्या गाडीत आरपीएम ८०० ऐवजी १०००, आणि गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहायचा.

आधी टाकीत क्लीनर ओतला, फरक शून्य. मग गॅरेजमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमधला एरर कोड पुसून घेतला, आठवड्यात दिवा परत हजर. दोन महिने नुसती चिडचिड.

मूळ कारण साधं आहे. फिल्टरमधली काजळी जळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते. चार किलोमीटरात इंजिनच धड तापत नाही. जाळणं सुरू झालं तरी आपण मध्येच चावी फिरवतो, आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून पहिल्यांदा डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, वास चक्क डिझेलचा! अशा ऑइलवर गाडी पळवायची नाही. डीपीएफला चालणारं लो-ॲश (कमी राख सोडणारं) ऑइल भरलं आणि ऑइल फिल्टर बदलला. टाकी अर्धी भरली (बऱ्याच गाड्यांत पाव टाकीखाली जाळणं सुरूच होत नाही). रविवारी पहाटे एक्सप्रेसवे. उर्से टोलनाक्यापासून लोणावळ्याकडे चौथ्या गिअरमध्ये, ८०च्या आत, आरपीएम २००० ते २५००, न थांबता. बाविसाव्या मिनिटाला दिवा गेला. तरी आणखी दहा मिनिटं तशीच चालवली, मग बंद केली.

दिवा लाल असेल किंवा लुकलुकत असेल तर हे करू नका, थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

आता दर पंधरा दिवसांनी ही फेरी. पुढची गाडी पेट्रोलच.