एडीएचडी: औषध आणि वर्तनोपचार एकत्र चालू असताना या चुका टाळा

‘काहीच फरक नाही हो.’ एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं, औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले की बहुतेक आया हेच सांगतात. खूपदा फरक पडलेला असतो, पण तो आईच्या नजरेच्या वेळेत बसत नाही.

ठाण्यातलं, घोडबंदर रोडवरचं एक घर घ्या. मुलगा दुसरीत, बस पावणेसातची. साडेसहाला मिथाईलफेनिडेट या लक्ष टिकवणाऱ्या औषधाची साधी गोळी. ती अर्ध्या-पाऊण तासात लागू होते आणि तीन-चार तास टिकते, म्हणजे साडेदहाच्या आसपास उतरते. आई ऐरोलीला नोकरीला, घरी पोचते साडेसातला. तिला दिसतो तो भुकेला, दमलेला, औषध कधीच उतरलेला मुलगा, आणि समोर अर्धा राहिलेला गृहपाठ. डॉक्टरांना ती प्रामाणिकपणे सांगते, ‘फरक नाही.’ डोस वाढतो. मग भूक मरते, डबा न उघडता परत यायला लागतो, वजन उतरतं, आणि घरात ‘औषधानंच पोराचं वाटोळं केलं’ असं बोललं जातं. दरम्यान शाळेच्या वह्या कोणी पाहिलेल्याच नसतात. त्यात पहिल्या तीन तासांचं फळ्यावरचं सगळं उतरवलेलं आणि मधल्या सुट्टीनंतरची पानं कोरी! गोळी काम करत होती, फक्त शाळा सुटायच्या आधी संपत होती. इथे डोस वाढवण्याऐवजी दुपारची गोळी किंवा जास्त वेळ टिकणारा प्रकार यावर डॉक्टरांशी बोलायला हवं होतं.

म्हणून एक साधी वही करा. रोज चार रकाने: गोळी कधी दिली, मधल्या सुट्टीपर्यंत कसा होता, सुट्टीनंतर कसा होता, संध्याकाळ कशी गेली. मधले दोन रकाने वर्गशिक्षिकेने भरायचे, फक्त 0, 1 किंवा 2 असा आकडा. निबंध मागितलात तर चौथ्या दिवशी बंद पडेल. पन्नास मुलांच्या वर्गात बाईंना दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ नसतो. दोन आठवड्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात की अंदाजाने डोस हलवायची वेळ येत नाही. अ‍ॅटोमोक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध चालू असेल तर मात्र दोन आठवड्यांत निकाल लावू नका. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. गोळीने मूल जागेवर बसायला लागलं की वर्तनोपचार, म्हणजे रोजच्या कामांचा चांदण्यांचा तक्ता, बक्षिसं, समुपदेशकाच्या फेऱ्या, सगळं बंद. नेरुळहून ठाण्याला शनिवारी कोण जाणार, ही अडचण खरी आहे. पण गोळी लक्ष टिकवते, दप्तर भरायला शिकवत नाही. अमेरिका-कॅनडात 579 मुलांवर 14 महिने चाललेला, औषध आणि वर्तनोपचार यांची तुलना करणारा एमटीए अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. एडीएचडीची मूळ लक्षणं औषधाने चांगली आटोक्यात आली. दोन्ही उपचार एकत्र मिळालेल्या मुलांना मात्र नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा कमी डोस पुरला, आणि वर्तनोपचार मिळालेल्या गटांतले पालक अधिक समाधानी होते. डोसाची धास्ती घेणाऱ्या आईनेच खरं तर तक्ता सोडू नये.

तक्ता फसतो तो नेहमी सारख्याच जागी. एकदम अकरा कामं लिहिली जातात, त्यात ‘शहाण्यासारखं वागणे’ असतं, आणि बक्षीस महिनाअखेरची सायकल. या मुलांना महिनाअखेर दिसतच नाही. तीनच कामं घ्या, आणि डोळ्यांनी दिसतील अशी: बूट रॅकमध्ये, डबा सिंकमध्ये, आठच्या आत दप्तर भरलेलं. त्यातलं एक त्याला आधीपासून जमणारं असू द्या, म्हणजे पहिल्याच दिवशी चांदणी मिळेल. चांदणी तिथल्या तिथे द्या आणि तिचा मोबदला त्याच रात्री: पंधरा मिनिटं कॅरम, नाहीतर झोपताना कुठली गोष्ट ते त्याने ठरवायचं. मिळालेली चांदणी रागाच्या भरात काढून घेऊ नका. तशी काढली की मूल तक्त्याकडे बघणं सोडतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आजी-आजोबा घरात असतील तर तीन कामांची यादी त्यांनाही पाठ हवी, नाहीतर आई नाही म्हणते ते आजीकडून मिळतं आणि दोष आईच्या माथी येतो. ‘आईच्या लाडाने असा झाला’ हे तर सरळ खोटं आहे. एडीएचडी लाडाने होत नाही.

घाईने गोळी उपाशीपोटी देऊन मुलाला बसमध्ये बसवू नका. भूक मरायच्या आत पोटभर नाश्ता होऊ द्या, आणि रात्री भूक परतते तेव्हा दुसरं जेवण वाढायला कंटाळू नका. जास्त वेळ टिकणारी गोळी फोडून किंवा चुरून देऊ नका. मूल सहा वर्षांखालचं असेल तर सुरुवात पालक-प्रशिक्षणाने, औषधाने नव्हे. साखर बंद केल्याने एडीएचडी बरा होत नाही. रविवारी किंवा मे महिन्यात गोळी बंद करायची का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. अ‍ॅटोमोक्सेटिन तर रोजच लागतं. दहा वर्षांखालच्या मुलाचं वजन दर 3 महिन्यांनी, उंची, नाडी आणि रक्तदाब दर 6 महिन्यांनी, शिवाय डोस बदलला की नाडी-रक्तदाब पुन्हा.

मिथाईलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. कुठल्या दुकानात मिळतं ते एकदा शोधून ठेवा आणि पाच दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या चिठ्ठीची वेळ घ्या. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तलावपाळीपासून वर्तकनगरपर्यंत दुकानं पालथी घालायची वेळ याच एका हलगर्जीपणाने येते.