दुसरी प्रत टिकते कशी? जनुकांच्या द्विरावृत्तीचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

जनुकांच्या द्विरावृत्तीविषयी पदवीपर्यंत जे शिकवले जाते ते बहुधा एका वाक्यात मावते: जनुकाची दुसरी प्रत तयार झाली की मूळ प्रत जुने काम सांभाळते आणि जबाबदारीतून मोकळी झालेली नवी प्रत बदलत बदलत एखादे नवे काम पत्करते. सुसुमू ओहनो यांनी 1970 साली ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली, आणि तिची मोहिनी अजून ओसरलेली नाही. तिला आधार देणारी उदाहरणेही आहेत. परंतु संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने एवढ्यावर विसंबू नये, कारण दुसऱ्या प्रतीच्या वाट्याला सहसा नवे काम येत नाही, नाश येतो. मायकेल लिंच आणि जॉन कॉनरी यांनी 2000 साली अनेक सजीवांचे जनुकसंच तपासून असा अंदाज काढला की सरासरीने शंभर जनुकांमागे दहा लाख वर्षांत एखादी द्विरावृत्ती घडते, आणि अशा प्रतींपैकी निम्म्या काही दशलक्ष वर्षांतच निकामी होतात. माणसाच्या गंधग्राही जनुकांमध्ये सुमारे 400 चालू आहेत आणि साधारण तितकीच मोडून पडलेली छद्मजनुके आहेत.

म्हणून या विषयात विचारण्याजोगा प्रश्न, ही प्रत अजून नाहीशी का झाली नाही, हा आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडम गटाच्या बैठकीत प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत: "ही प्रत टिकली आहे, की तिचे नाहीसे होणे अजून बाकी आहे?" या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर देता येईपर्यंत बाकीच्या आकडेमोडीला त्या हात लावू देत नसत. सुरुवातीला हा हट्ट वाटत असे. आता मी नव्या विद्यार्थ्यांना हेच विचारते.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन या विषयाकडे आले, त्यामुळे माझा प्रवेश यीस्टमधून झाला. आजही मला वाटते की संपूर्ण जनुकसंचांची तुलना करणाऱ्या आज्ञावली चालवण्याआधी प्रत्येकाने एकच जोडी घेऊन ती तळापर्यंत समजून घ्यावी. बेकरीतल्या यीस्टमधली गॅल-1 आणि गॅल-3 ही जोडी त्यासाठी उत्तम आहे. यीस्टच्या पूर्वजाचा सगळा जनुकसंच सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला. केनेथ वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी 1997 साली त्याचा पुरावा मांडला. ही जोडी त्याच घटनेतून आलेली आहे. गॅल-1 हा गॅलॅक्टोज या शर्करेवर पहिली प्रक्रिया करणारा विकर आहे. गॅल-3 मात्र विकर राहिलेला नाही. तो गॅलॅक्टोज आल्याची खबर देतो, म्हणजे गॅल-80 या रोधक प्रथिनाला अडकवून ठेवतो आणि त्यामुळे गॅल-4 हे प्रथिन बाकीची जनुके चालू करू शकते. ज्याच्या पूर्वजांत जनुकसंच दुप्पट होण्याची ही घटना घडलीच नाही, त्या क्लुयव्हेरोमायसिस लॅक्टिस या दुधात सापडणाऱ्या यीस्टमध्ये एकच जनुक ही दोन्ही कामे करते.

ही जोडी शिकवण्यासाठी मी पुनःपुन्हा का निवडते, याचे कारण तिच्यावर झालेले प्रयोग. 2000 साली असे दाखवले गेले की गॅल-3 मध्ये केवळ दोन अमिनो आम्ले घातली तर त्याला विकराचे गमावलेले काम पुन्हा करता येते. म्हणजे दहा कोटी वर्षांची दुरावलेली भावंडे प्रथिनाच्या पातळीवर इतकी जवळ आहेत. मग दोन प्रती कशासाठी? क्रिस हिटिंजर आणि शॉन कॅरल यांनी 2007 साली दिलेले उत्तर असे की अडचण मुख्यतः जनुकाच्या नियंत्रणात होती. विकर गॅलॅक्टोज नसताना जवळजवळ बंद आणि ते आल्यावर भरपूर हवा. खबर देणारे प्रथिन मात्र थोड्या प्रमाणात सतत हजर हवे. एकाच जनुकाला एकाच नियंत्रक पट्ट्याच्या, म्हणजे जनुक कधी आणि किती चालावे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागाच्या, जोरावर या दोन्ही मागण्या पूर्णपणे भागवता येत नव्हत्या, आणि दोन प्रती झाल्यावर प्रत्येकीचा नियंत्रक पट्टा आपापल्या कामासाठी घडत गेला. येथे "नवे काम" कोणतेच नाही. जुन्याच दोन कामांची वाटणी आणि त्या वाटणीनंतरची सुधारणा आहे. अशी निष्पत्ती नुसत्या क्रमतुलनेतून हाती लागत नाही, त्यासाठी जनुक बदलून पेशी वाढवून पाहाव्या लागतात. संगणकाच्या बाजूने येणाऱ्यांनी निदान एक उन्हाळा प्रयोगशाळेत काढावा असा माझा आग्रह असतो, तो यासाठीच.

वाटणीला सुधारणेची जोड असतेच असे नाही, आणि पहिल्या वर्षात पचायला सर्वांत जड जाणारी बाब हीच आहे. ॲलन फोर्स, लिंच, जॉन पोस्टलथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवून दिले की नैसर्गिक निवडीने कोणताही फायदा न पाहता निव्वळ मोडतोडीतूनही दोन्ही प्रती अपरिहार्य होऊ शकतात. त्यांचे उदाहरण झेब्रामाशाचे आहे. उंदरात एन्ग्रेल्ड-1 हे एकच जनुक पुढच्या पायांच्या अंकुरात आणि मेंदू-मज्जारज्जूच्या काही चेतापेशींत, अशा दोन्ही ठिकाणी कार्यरत असते. झेब्रामाशात त्याच्या दोन प्रती असून एक परांच्या अंकुरात चालते आणि दुसरी चेतापेशींत. एका प्रतीचा एक नियंत्रक तुकडा बिघडला, दुसरीचा दुसरा, आणि आता दोघींपैकी एकही गमावणे परवडत नाही. अशी वाटणी लहान संख्येच्या समूहांत अधिक सहज घडते. म्हणून या विषयात येणाऱ्याला समूह-आनुवंशिकी, विशेषतः यदृच्छ विचलनाचे, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चढउतारांचे, गणित टाळता येत नाही. जे ते टाळतात ते प्रत्येक जिवंत प्रतीमागे एखादा फायदा कल्पून कथा रचू लागतात.

खरोखर नवे कार्य कमावलेल्या प्रतीही आहेत, फक्त त्यांच्याकडून पुरावा कडक मागावा. आग्नेय आशियातील डूक लंगूर हा पाने खाऊन जगतो आणि त्याच्या पोटातील जिवाणू ती पाने आंबवतात. पुढे त्या जिवाणूंचे आरएनए पचवावे लागते. जियांझी झांग आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवले की त्याच्यात रायबोन्यूक्लिएज या आरएनए तोडणाऱ्या विकराच्या जनुकाची एक जास्तीची प्रत आहे आणि तिचा विकर मूळ विकरापेक्षा अधिक आम्लधर्मी परिस्थितीत, सुमारे 6.3 सामूला, सर्वाधिक काम करतो. आपल्याकडे ज्याला वानर म्हणतात तो हनुमान लंगूर याच पानखाऊ उपकुळातला आहे.

टिकण्याचे आणखी एक कारण प्रमाणात दडलेले असते. आमटीत एकटे मीठ दुप्पट पडले तर ती वाया जाते, पण सगळेच जिन्नस दुप्पट घेतले तर आमटीच दुप्पट होते. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमसारख्या अनेक भागांनी बनलेल्या यंत्रणांची जनुके म्हणूनच सुटी सुटी दुप्पट झाल्यास सहसा टिकत नाहीत, मात्र पूर्ण जनुकसंच दुप्पट झाल्यावर त्यांच्या प्रती लक्षणीय संख्येने मागे उरतात. यीस्टमध्ये त्या प्राचीन घटनेतल्या सुमारे 550 जोड्या आज शिल्लक आहेत, आणि त्यांत रायबोसोमच्या प्रथिनांचा भरणा मोठा आहे.

पद्धतींविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. दोन प्रतींचे वय काढण्यासाठी अमिनो आम्ल न बदलणारे बदल मोजण्याची रीत सर्वत्र वापरली जाते. पण प्रतींमध्ये जनुकरूपांतर होत असेल, म्हणजे एका प्रतीचा क्रम दुसरीवर उतरत असेल, तर हे घड्याळ पुनःपुन्हा शून्याजवळ येते. माणसाची दोन अल्फा-ग्लोबिन जनुके अगदी एकच प्रथिन बनवतात, पण त्यावरून ती अलीकडची ठरत नाहीत, कारण अन्य वानरकुलीन प्राण्यांतही ही जोडी आहे. अशा वेळी वंशवृक्ष आणि शेजारच्या जनुकांचा क्रम या दोहोंचा आधार घ्यावा. दुसरी गोष्ट कच्च्या माहितीची: लहान तुकड्यांच्या वाचनातून जुळवलेल्या जनुकसंचात सारख्या प्रती एकमेकींत मिसळून एकच दिसतात. मानवी जनुकसंच सलगपणे पूर्ण झाला तो 2022 साली, आणि त्या वेळी जवळपास 20 कोटी अक्षरांची जी भर पडली तिच्यात अशा पुनरावृत्त भागांचा वाटा मोठा होता. वाचनाची खोली, म्हणजे एकाच जागेवर येऊन बसलेल्या तुकड्यांची संख्या, दुप्पट दिसणारे भाग आधी तपासल्याशिवाय "या प्रजातीत प्रत नाही" असे लिहू नये.

साधनांची टंचाई ही आता सबब राहिलेली नाही. यीस्टच्या जनुकक्रमांची तुलना दाखवणारे यीस्ट जीन ऑर्डर ब्राउझर, एन्सेम्बल आणि एनसीबीआयचे संग्रह विनामूल्य आहेत, आणि एका जोडीचा अभ्यास साध्या लॅपटॉपवर होतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज जरूर करावा. पुढे पीएच.डी.साठी सीएसआयआर-नेट, गेट आणि टीआयएफआरची प्रवेश परीक्षा हे नेहमीचे मार्ग आहेतच. मुलाखतीत मात्र पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा एखादी जोडी सांगोपांग समजावून देणारा विद्यार्थी वेगळा उठून दिसतो.

विषय निवडताना यीस्टच घ्यावे असे नाही. विदर्भातील शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या कापसाच्या दोन प्रकारांत हा प्रश्न उभा आहे: देशी कापसात 26 गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कापसात 52, कारण तो दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींच्या संकरातून जनुकसंच दुप्पट होऊन निर्माण झाला. दोन्हींचे जनुकसंच प्रसिद्ध आहेत, आणि नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे.

विद्यापीठाबाहेरच्या नोकऱ्यांत हे ज्ञान सर्वांत थेट उपयोगी पडते ते आनुवंशिक निदानात. स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी हा स्नायू क्षीण करणारा आजार एसएमएन-1 हे जनुक निकामी झाल्याने होतो. त्याची जवळजवळ तंतोतंत प्रत असलेले एसएमएन-2 एका निर्णायक अक्षराच्या फरकामुळे बरेचसे अपुरे प्रथिन बनवते, आणि रुग्णाकडे एसएमएन-2 च्या किती प्रती आहेत यावर आजाराची तीव्रता बरीच अवलंबून असते. 2016 साली मान्यता मिळालेले नुसिनरसेन हे औषध याच दुसऱ्या प्रतीकडून पूर्ण प्रथिन बनवून घेते. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेला दोन प्रती वेगळ्या ओळखून मोजाव्या लागतात, आणि त्या कामासाठी अशी माणसे लागतात ज्यांना जुळणीच्या आलेखात एका प्रतीचे तुकडे दुसरीवर जाऊन बसल्याचे पाहताच कळते.